टिपणीस बाईंची डुक्कर फियाट

वडखळच्या नाक्यावरून अलिबागकडे वळलं की डाव्या हाताला, टायरवाल्याच्या पलीकडे कमळाकरचं गॅरेज लागतं. पाटीवरची अक्षरं केव्हाच पुसट झाली होती, पण पाटी वाचून तिथे कोणी येत नसे. गाडीत कसला तरी आवाज येतोय आणि तो कोणालाच सापडत नाही, असं झालं की पेण, नागोठणे, पार अलिबागपासून लोक गाडी इथे आणत. गाडी आवारात शिरत असतानाच कमळाकर हात पुसत दाराशी उभा राही, मान जराशी कलती करी आणि बोनेट उघडायच्या आधीच सांगून टाकी की टॅपेट ढिले झालेत, किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग चाललंय. सोळाव्या वर्षी तो पेणच्या ज्या उस्तादाकडे लागला होता, त्याने पहिले सहा महिने त्याला पाना धरू दिला नव्हता. नुसतं ऐकायला बसवलं होतं. त्या सहा महिन्यांच्या जोरावर त्याने पुढची पस्तीस वर्षं काढली. वडील मिठागरात राबले, थोरला भाऊ अजून गडब गावी भातशेती बघतो. त्या घरातून यंत्राकडे वळलेला कमळाकर पहिलाच.

आणि आता बावन्नाव्या वर्षी त्याला ऐकू येईनासं झालं होतं.

सगळंच गेलं होतं असं नाही. डंपरची धडधड, ट्रकचा हॉर्न, पुरुषांचे जाड आवाज कळत. गेले होते ते बारीक आवाज. आधी कुकरची शिटी गेली, मग फोनची घंटी. मग एक दिवस चालू इंजिनापाशी उभं असताना त्याच्या लक्षात आलं, की टॅपेटची टिकटिक आपण बऱ्याच दिवसांत ऐकलेलीच नाही. डावा कान जास्त गेला होता, उजवा जरा बरा होता. त्याने कोणालाही सांगितलं नाही. घरी चंद्रावती वैतागे, "कुठं लक्ष असतं तुमचं, तीनदा हाक मारली." तो तिला वैतागू देई. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा बेफिकीर म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. गिऱ्हाइकाचं बोलणं नीट कळलं नाही की तो मान हलवी आणि "बघतो" म्हणे. गाडी किती पळालीय, मालक कसा चालवतो, यावरून अंदाज बांधी. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येई. चुकला की पार्टला दोष देई.

अशात दिवाळी सरल्यावर रोह्याहून टिपणीस बाईंचा निरोप आला.

वत्सला टिपणीस म्हणजे रोह्यातल्या एका शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. वय एक्याऐंशी. त्यांच्या डॉक्टर वडिलांनी सत्तावन्न साली फियाट घेतली होती, पाठीवर गोल, नाकाड पुढे आलेली, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. वडिलांच्या मागे बाईंनी स्वतः ती चालवली. नऊवारी नेसलेल्या सासवा रस्त्यात थांबून बघत, त्या काळात बाई गाडीने शाळेत जात. गेली अठरा वर्षं मात्र गाडी इमारतीच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत, आणि डोळे अधू झाल्यामुळे खाली फारशा उतरत नसत.

कमळाकर गाडी बघायला गेला तेव्हा बाई म्हणाल्या, "नवी कोरी दिसायला नको मला. चालायला हवी. शाळेपर्यंत एकदा जाऊन यायचं आहे, त्याच गाडीतून. तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय, कमळाकर. गाडीचं दुखणं तुम्ही नुसतं ऐकून ओळखता म्हणे."

कमळाकरने मान हलवली.

फियाट टेम्पोवर चढून वडखळला आली तेव्हा गॅरेजात तो एकटाच होता. पंधरा वर्षं हाताखाली असलेला नाथा डंपरवर ड्रायव्हर म्हणून लागला होता. ऋतुजा, कमळाकरची मुलगी, पेणला अकरावीत होती. दुपारी कॉलेज सुटलं की ती मिनीडोर रिक्षाने वडखळला उतरून बापाचा डबा देई आणि पुढे गडबला घरी जाई. त्या दिवशी ती डबा ठेवून गाडीभोवती दोनदा फिरली.

"बाबा, ही चालंल?"

"चालवायची हाय."

"मी थांबू?"

तो नको म्हणणार होता. नाक्यावर चार लोक बसलेले असतात, मुलीच्या जातीने ऑइलमध्ये हात घातले की त्यांना चघळायला विषय होईल, हे त्याला कळत होतं. पण गंजून बसलेला नट पकडायला दुसऱ्या बाजूने कोणीतरी हवंच होतं. "आज थांब," तो म्हणाला. आज म्हणता म्हणता ती रोज थांबायला लागली.

ऋतुजाला या कामाचा हात होता. कमळाकरने हे लगेच ओळखलं, पण बोलून दाखवलं नाही. काय काढलं ते ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने ती जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवी, मोबाइलवर फोटो काढी. कार्बोरेटरची भोकं तिने सायकलच्या तारेने नाही, माशाच्या गळाच्या बारीक दोऱ्याने साफ केली. तारेने भोक मोठं होतं हे तिला तिचंच सुचलं होतं. फरशीचा पत्रा कुजला होता, तो बापाने कापला आणि नवा बसवताना तिने पुठ्ठ्याचा साचा करून दिला, तो तंतोतंत बसला. चंद्रावती पहिल्या आठवड्यात म्हणाली, "पोरीची नखं बघा जरा." नंतर तिनेच गाडीच्या सीटा घरी नेल्या, उसवल्या आणि शिलाई मशीनवर नव्या कापडाने शिवून दिल्या. गडबच्या त्या घरात थंडीभर जेवताना डुक्कर फियाटशिवाय दुसरा विषय नव्हता. मुलीशी इतकं बोलणं कमळाकरचं गेल्या तीन वर्षांत मिळून झालं नव्हतं.

बिनसलं ते पाण्याच्या पंपावर.

इंजिनाला थंड ठेवणारं पाणी फिरवणारा हा पंप, आणि या गाडीत त्याच्याच दांड्यावर पुढे पंखा बसतो. पंप धुऊनपुसून टेबलावर ठेवला होता. ऋतुजाने दांडा बोटाने फिरवला, पुन्हा फिरवला.

"बाबा, ह्यो वाजतोय."

"कुठं?"

"फिरवला की. बारीक. सुकं सुकं."

कमळाकरने पंप उचलून उजव्या कानाशी धरला, दांडा फिरवला. त्याला काहीही आलं नाही. त्याने पुन्हा फिरवला. बेअरिंग ठीक आहे की आपल्याला ऐकू येत नाही, हे त्याला सांगता येईना, आणि मुलगी तोंडाकडे बघत होती.

"काय नाय. जुनं बेअरिंग असंच असतंय."

"पण मला ऐकू..."

"चार महिने नाय झाले हात काळे करून आणि मला शिकवते?"

पंप तोच बसला. त्या दिवशी ऋतुजा नेहमीपेक्षा लवकर घरी गेली, आणि कमळाकर उगाचच आधी आवळलेले बोल्ट पुन्हा आवळत बसला.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. पांढरा धूर निघाला, मग निवळला, आणि गाडी संथ थरथरत उभी राहिली. टायरवाला काम टाकून बघायला आला. ऋतुजा हसत होती, राग विसरून. कमळाकरने पंजा इंजिनाच्या झाकणावर ठेवला. हल्ली तो असंच करी. कानाला जे कळत नसे ते हाताला थोडं कळे. थरथर एकसारखी होती. त्याला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी दोघं गडबपर्यंत गाडी चालवून बघायला निघाली. स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर, पातळ चाकं, आणि शेजारून दणदणत जाणारे कंटेनर. ऋतुजा डावीकडे बसली होती, म्हणजे त्याच्या वाईट कानाकडे. डोलवी मागे पडली तशी ती पुढे वाकली.

"बाबा, थांब जरा. चीं करून आवाज येतोय."

"काय?"

"आवाज," ती मोठ्याने म्हणाली. "पंपाचाच हाय."

त्याने गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ कानाला लावली. तिथून पुष्कळ काही येत होतं, गडगड आणि घरघर, पण चीं काही नव्हतं.

"बेल्ट नवा हाय. बसायला वेळ लागतो त्याला."

"बेल्ट नाय. मी सांगते ना."

"ऋतू, पस्तीस वर्षं मी हेच करतोय."

"मग नीट ऐक ना," ती म्हणाली, आणि बापाच्या तोंडाकडे बघून तिचाच आवाज खाली आला. गडब आल्यावर ती उतरली. दरवाजा तिने आपटला नाही, हळू लावला. "मी घरी जाते. तू ने गाडी."

कमळाकर एकटा परत फिरला. काचा वर केल्या, खाली केल्या. मान इकडे तिकडे वळवली. मुलगी खोटं कशाला बोलेल, आणि तिचं खरं असेल तर मग काय, हे दोन विचार आलटून पालटून येत राहिले. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली गडबचीच बायजा पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगून बसली होती. त्याने गाडी तिथे घेतली आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरला.

"बायजा, जरा ऐक. ह्या गाडीचा काय आवाज येतोय?"

बायजाने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "येतोय का म्हणून काय विचारतोस? ती बंद कर आधी. लांबून येत होती तवापासनं कान किटलं. उंदीर सापळ्यात गावल्यागत चिरकते."

"इतका?"

"तुला नाय ऐकू येत?"

कमळाकरने जाऊन चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर पंख्याचं पातं धरून पुढेमागे हलवलं. पातं हललं. हलायला नको होतं तेवढं हललं. पातं आणि रेडिएटर यांच्यात बोटभर जागा होती. आणखी थोडं अंतर गेला असता तर बेअरिंग तुटून पंखा थेट जाळीत घुसला असता. तो रेडिएटर बाजारात मिळत नाही. पेणच्या एका म्हाताऱ्या कारागिराने महिनाभर बसून तो जोडून दिला होता. हे सगळं बायजाच्या झाडाखाली उभं राहून त्याने एका दमात पाहिलं.

त्याने ऋतुजाला फोन लावला. ती काय बोलते ते कळणार नव्हतं, म्हणून तिने उचलल्याचं दिसताच एवढंच म्हणाला, "गाडी बायजाच्या झाडाखाली उभी हाय. तू बोललीस ते खरं होतं. ये." आणि ठेवून दिला.

ती चुलतभावाच्या सायकलवरून आली. बायजाने कांद्याच्या पोत्यावर दोघांना बसायला जागा करून दिली आणि स्वतः गिऱ्हाइकाकडे वळली. ऋतुजा बसायच्या आधी मागून फिरून त्याच्या उजव्या बाजूला आली.

"मला ऐकू येत नाय," कमळाकर म्हणाला. "बारीक आवाज अजिबात येत नाय. दोनतीन वर्षं झाली."

"माहीत हाय मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"दहावीच्या सुट्टीपासनं," ती म्हणाली. "तू टीव्हीकडे बघून हसतोस ते आम्ही हसल्यावर हसतोस. मी तुझ्या ह्याच बाजूला उभी राहते कायम. तुला वाटलं सहज?"

एक गाडी थांबली, कोणी चार माळा घेतल्या, गाडी गेली.

"मग पंपाच्या वेळी तसं का बोललास?" ऋतुजाने विचारलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. "इंजिनाचं तरी तुला ऐकू येत असंल असं वाटायचं मला. किती दिवस वाटत होतं की माझंच चुकतंय."

"भ्यालो मी," तो म्हणाला. "हात चालवणारे नाक्यावर धा जण हायत, ऋतू. लोक माझ्याकडं येतात ते कानासाठी. ते गेलं म्हटल्यावर मी काय सांगणार लोकांना? पण तुला तसं बोलायला नको होतं. ते चुकलं माझं."

ऋतुजाने ओढणीने नाक पुसलं. "आईला मी सांगितलेलं नाय. ते तू सांगायचं."

"सांगतो."

"आज."

"व्हय, आज."

मग ती उठली आणि तिनेही पातं धरून हलवून बघितलं. "इथं खोलायचं, का ओढून न्यायची?"

ओळखीच्या मिनीडोरला दोर बांधून त्यांनी गाडी वडखळला नेली. त्या संध्याकाळी कमळाकरने चंद्रावतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ते थांबवून तिने ऐकलं. "आणि मी एवढी वर्षं शिव्या घालत होते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माझ्या शिव्या ऐकल्यात तरी का?" यावर तिघंही हसली, आणि चंद्रावतीने पदराने डोळे पुसले.

पंप उघडला तेव्हा आतलं बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं, गोळ्यांना खड्डे पडलेले. पेणहून नवं आणलं, लेथवाल्याकडून दाबून बसवून घेतलं. टेबलावर पंप ठेवून कमळाकर मागे सरला. ऋतुजाने दांडा फिरवला, कान लावला, पुन्हा फिरवला. मुद्दाम वेळ घेतला.

"बरं हाय," ती म्हणाली.

"बसव मग."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते फियाट घेऊन रोह्याला निघाले. नागोठण्यावरून भिसे खिंडीचा चढ लागला तसा कमळाकरचा हात गिअरवर घट्ट झाला. ऋतुजा पुढे वाकून ऐकत होती. चढावर इंजिन जड झालं की ती "ठीक हाय" म्हणून मोठ्याने सांगे, एका वळणावर म्हणाली, "आता खालचा गिअर टाक, दमतंय." त्याने टाकला. गाडी माथ्यावर आली आणि पलीकडे उतरली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण सगळी वाट तिच्या सांगण्यावर चालवली, आणि त्यात काहीच कठीण गेलं नाही.

बाई खाली येऊन उभ्या होत्या. कोणीतरी खुर्ची दिली होती, पण त्या बसल्या नव्हत्या. गाडी थांबल्यावर त्यांनी बोनेटवर हात ठेवला, मग दिव्यावर, मग दरवाजाच्या कडेवरून हात फिरवत मागेपर्यंत गेल्या. इमारतीतली मुलं गोळा झाली होती. बाईंनी रंगाबद्दल विचारलं नाही, सीटांवर बसूनही बघितलं नाही.

"बंद करू नका इतक्यात," त्या म्हणाल्या. "कमळाकर, मला हल्ली दिसत नाही, पण वाजते छान. तुमचे कान काय म्हणतात?"

चार शेजारी उभे होते. त्यांतला एक तर त्याचं जुनं गिऱ्हाईक होता. मान हलवली असती तरी चाललं असतं, गाडी ठणठणीत होती.

"बाई, माझे कान गेले," कमळाकर म्हणाला. "हे इंजिन मी हाताने बांधलंय, त्याची जबाबदारी माझी. पण ऐकलंय ते हिनं. पंप खराब होता तो हिनं ओळखला, मी हिचं मानलं नव्हतं. आवाजाचं हिला विचारा."

बाई ऋतुजाच्या दिशेला वळल्या. "सांग बाई."

ऋतुजा आधी अडखळली. मग सांगायला लागली तशी शेजाऱ्यांचा, मुलांचा तिला विसर पडला. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट थंड असताना जरासा वाजतो, गरम झाला की जातो, त्याची काळजी नको. मागच्या डाव्या चाकाला ब्रेक लावताना कुंय होतं, ते पुढच्या खेपेला बघायला हवं. बाकी सगळं साफ आहे. बाईंनी मधे एक शब्द बोलू दिला नाही कोणाला.

"म्हणजे पुढची खेप आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं. कितवीत आहेस तू?"

"अकरावी. सायन्स."

"भौतिकशास्त्र कच्चं ठेवू नकोस. चला, शाळेपर्यंत."

बाई मागे बसल्या, ऋतुजा त्यांच्याजवळ. कुंडलिकेच्या पुलावरून वारा आला तशा बाई काहीतरी सांगत राहिल्या. गाडी शाळेच्या फाटकापाशी थांबली. रविवार होता, फाटक बंद होतं. बाई उतरल्या नाहीत. काच खाली करून पाच मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "आता घरी."

परतीला कमळाकर आणि ऋतुजा रोहा स्टेशनवर दुपारच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले. बाईंनी डब्यात भरून दिलेल्या ओल्या नारळाच्या करंज्या ऋतुजा खात होती.

"अलिबागला कानाचा डॉक्टर हाय," कमळाकर म्हणाला. "नाथाच्या सासऱ्याला त्यानं मशीन दिलंय. मंगळवारी जावं म्हणतो. तू चल. तो काय सांगेल ते सगळं मला कळणार नाय."

"मंगळवारी माझं प्रॅक्टिकल हाय. बुधवारी जाऊ."

"बुधवारी," तो म्हणाला, आणि डब्यातली उरलेली करंजी उचलली.